पीक सांगते पाणी: पूर्णेच्या खोऱ्यातल्या धावण्याच्या वाटा

डिसेंबरातली पहाट, पाच वाजले असतील. दर्यापूरच्या बाहेर डांबरी रस्त्यावर कुणीतरी चुन्याच्या दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत. दोन रेघांत अंतर चारशे मीटर. अंधारात मोबाइलच्या उजेडात सातआठ मुले आणि तीन मुली अंग मोकळे करत आहेत. त्यांतला एक माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, जरा टाइम धरता का? चार चकरा हायेत." मी घड्याळ धरले. चार चकरा म्हणजे सोळाशे मीटर. महाराष्ट्र पोलीस भरतीत शारीरिक चाचणीच्या पन्नास गुणांपैकी वीस गुण या एका धावण्याला आहेत. मुलींना आठशे मीटर, म्हणजे दोन चकरा. चकरा संपल्या, मुले गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि आपापले आकडे विचारू लागली. उजाडले तशी ती पांगली. कुणाला म्हैस पिळायची होती, कुणाला कपाशी वेचायला माणसे न्यायची होती.

वऱ्हाडात धावण्याचे वेड शहरातून खेड्यात आले, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. इथल्या रस्त्यांवर पाय फार पूर्वीपासून धावत आहेत. कुणी भरतीसाठी, कुणी देवासाठी, कुणी राजाचा निरोप पोचवण्यासाठी. या प्रकरणात आपण अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या अशा काही वाटा पाहू. वाट कशी निवडावी, केव्हा धावावे, काय सांभाळावे, तेही पाहू. पण त्याआधी या भूमीचे एक सूत्र लक्षात ठेवायला हवे. इथे पाणी बदलले की पीक बदलते, पीक बदलले की गाव बदलते, आणि गाव बदलले की वाट बदलते.

खोऱ्याचे तीन पट्टे

पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेही भागात उगम पावते. आधी दक्षिणेकडे उतरते, मग पश्चिमेला वळते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडत जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. खोरे रुंद आणि सपाट आहे. सायकलवर किंवा गाडीत बसून पाहिले तर सगळे सारखेच वाटते. काळी जमीन, कपाशी, तूर आणि मध्येच एखादे निंबाचे झाड. पायांनी उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तर मात्र तीन वेगळे पट्टे स्पष्ट कळतात.

पहिला पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा. डोंगरातून आलेल्या नद्यांनी इथे गोटे, वाळू आणि माती आणून टाकली आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपून खाली साठते आणि ते गोड असते. म्हणून या पट्ट्यात बागा आहेत. वरुड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूरकडे संत्रा, अंजनगाव आणि अकोटकडे पानमळे आणि केळी. दुसरा पट्टा नदीच्या दोन्ही बाजूंचा, म्हणजे खारपाणपट्टा. इथे गाळ शेकडो मीटर जाड आहे आणि त्यात मुरलेल्या क्षारांमुळे विहिरींचे पाणी खारे आहे. ओलीत करायचे म्हटले तर जमीन बिघडते, म्हणून शेती पावसाच्या भरवशावर. पावसाळ्यात कपाशी, मूग, तूर आणि थंडीत ओलाव्यावर येणारा हरभरा. तिसरा पट्टा दक्षिणेकडच्या चढाचा. जमीन पुन्हा हलकी होते, मुरूम दिसू लागतो आणि पाणी पुन्हा गोड लागते.

धावणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. नोव्हेंबरात खारपाणपट्ट्यात धावताना मला एकदा भलतीच तहान लागली. धुऱ्याशेजारी विहीर दिसली म्हणून थांबलो. कपाशी वेचणाऱ्या मावशींनी लांबूनच हात हलवला. "ते पानी नोको पिऊ बापू, खारं हाय. हे घे." त्यांनी सावलीत ठेवलेल्या कॅनमधले पाणी प्लास्टिकच्या ग्लासात ओतून दिले. ते त्यांनी पहाटे गावातून आणले होते. वेचणीची ओटी कंबरेला बांधून दिवसभर वाकणाऱ्या माणसांचे हे पाणी मोजलेले असते. त्या दिवसापासून मी या पट्ट्यात आपले पाणी आपल्यासोबत घेतो आणि वाटेत मागत नाही.

याच खाऱ्या पाण्याने वऱ्हाडला एक मोठा दिवस दिला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात गुजरातेत दांडीचा समुद्र होता. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला तालुक्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरी होत्या. वऱ्हाडातल्या सत्याग्रह्यांनी त्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. ज्या पाण्याने शेती दिली नाही, त्याने लढा दिला.

पहिली वाट: गांधीग्राम ते अकोला

वऱ्हाडातली सर्वांत प्रसिद्ध धावण्याची वाट कोणत्याही मॅरेथॉनच्या नकाशावर नाही. अकोल्याच्या उत्तरेला, अकोट रस्त्यावर, पूर्णेच्या काठी गांधीग्राम आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रात्री हजारो तरुण इथे नदीत उतरतात, भांडी भरतात आणि ती कावडीला बांधून सुमारे 18 किलोमीटर अंतर रातोरात कापतात. सकाळ उजाडते तेव्हा मिरवणूक शहरात शिरते आणि मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या राजराजेश्वराच्या मंदिराकडे जाते. नदीचे पाणी ग्रामदैवताच्या पिंडीवर पडते. 1944 मध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा काही भक्तांनी पूर्णेचे पाणी आणून राजेश्वराला घातले, तिथून ही प्रथा सुरू झाली असे अकोलेकर सांगतात.

कावडीची मोजणी भरण्यांवर होते. एका भांड्याला म्हणतात भरणे. दोन भरण्यांची कावड एकटा माणूस खांद्यावर घेतो. शंभराहून जास्त भरण्यांची कावड मंडळाची असते आणि तिला खांदा द्यायला माणसांच्या रांगा लागतात. "हर्र बोला महादेव" अशी आरोळी उठते आणि खांदे बदलतात.

या चालीकडे धावणाऱ्याच्या डोळ्याने नीट पाहावे. कावडवाला मोठी टांग टाकत नाही. त्याची पावले लहान, भराभर आणि जमिनीलगत पडतात. मोठी टांग टाकली तर शरीर वरखाली होते, भांडी हिंदकळतात, पाणी सांडते आणि खांद्याला हिसका बसतो. वेळूची काठी थोडी वाकते आणि परत उसळते. पावलाची लय तिच्या उसळीशी जुळली की खांद्यावरचा दाब सारखा पसरतो. लहान आणि भरभर पावलांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे आज धावण्याचे प्रशिक्षक शिकवतात. अकोल्याची पोरे ते भरण्यातल्या पाण्याकडून शिकतात.

ही वाट एरवी धावायची असेल तर पावसाळा सोडून धावा, पहाटे धावा आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावा. अकोट रस्त्यावर वाहतूक जड आहे. गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा जुना, इंग्रजांच्या काळातला पूल तडे गेल्यामुळे 2022 मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. काठावर उभे राहून तो जरूर पाहा, त्यावर जाऊ नका. आणि अकोल्यात शिरताना मोर्णेकडेही पाहा. 2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकर ही नदी साफ करायला उतरले होते. जलपर्णी पुन्हा येते. शहरातून वाहणारी नदी एकदा साफ करून भागत नाही.

दुसरी वाट: वेलींचा मुलूख

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ मेदोक नावाचा भाग आहे. तिथे 1985 पासून सप्टेंबरात एक मॅरेथॉन होते. 42.195 किलोमीटरची ही वाट द्राक्षमळ्यांतून आणि जुन्या वाड्यांच्या अंगणांतून जाते आणि वाटेत धावणाऱ्यांना वाइनचा घोट देतात. द्राक्ष तोडणीच्या सुमारास ही शर्यत असल्यामुळे धावणारा त्या भागाचे पीक, गाव आणि इतिहास एकाच दिवशी पाहतो. जगभरचे लोक तिथे जातात ते वेळेचा विक्रम करायला नव्हे. पिकाच्या सणात सामील व्हायला जातात.

आपल्याकडेही वेलींचा एक जुना मुलूख आहे. फक्त वेल द्राक्षाची नाही, पानाची आहे. अंजनगाव आणि सुर्जी ही शहानूर नदीच्या दोन काठांवरची जोडगावे. इथे, तसेच अकोट आणि तेल्हारा भागात, बारी समाजाने पिढ्यान् पिढ्या पानमळे राखले आहेत. पानमळ्यात पहिल्यांदा वाकून शिरलात की बाहेरचा वऱ्हाड विसरायला होतो. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सरळ रांगा, त्यांच्या खोडांना धरून चढलेल्या वेली, वर पानांचे छत आणि पायाखाली ओली सरी. बाहेर ऊन पेटलेले असताना आत गारवा असतो आणि मातीला ओल्या कातासारखा वास येतो. पान खुडणारा माणूस अंगठ्याच्या नखाने देठ तोडतो आणि पाने एकावर एक लावत जातो. वेल फार वर गेली की तिला उतरवून खालचा भाग मातीत पुरतात. तिथून नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते.

याच मळ्यांत पानपिंपरीही होते. तिची हिरवी, बोटभर लांब कणसे तोडून उन्हात वाळवतात आणि वाळल्यावर ती काळी पडतात. आयुर्वेदातल्या त्रिकटूत सुंठ आणि मिऱ्यांसोबत तिसरी असते ती हीच पिंपळी. गोड पाणी, भारी मेहनत आणि सावली या तिन्ही गोष्टी जिथे जमतात तिथेच हे पीक उभे राहते. खारपाणपट्ट्यात उतरलात की पानमळा दिसेनासा होतो.

या वेलींच्या मुलुखात भारताच्या इतिहासातली एक मोठी घडामोड झाली. 1803 मध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, 29 नोव्हेंबरला, तेल्हारा तालुक्यातल्या आडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. आडगावची लढाई त्याने दुपार टळल्यावर, दिवसभर मजल मारून आलेल्या सैन्यानिशी सुरू केली. 15 डिसेंबरला त्याने सातपुड्यातला गाविलगड घेतला. 17 डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, म्हणजे वऱ्हाड सोडला. आणि 30 डिसेंबरला याच सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी तह केला. एका महिन्यात या पायथ्याच्या पट्ट्यात दोन दरबारांचे भवितव्य ठरले.

त्या महिन्यातली धावपळ हरकाऱ्यांच्या पायांवर चालत होती. निरोप नेणारे आणि शत्रूची बातमी आणणारे हे हलके, चपळ लोक. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो, नाव मात्र क्वचितच. लढाया सेनापतींच्या नावाने ओळखल्या जातात. पण कोणत्या नदीला उतार कुठे आहे आणि कोणत्या गावात फौज उतरली आहे, हे आधी हरकाऱ्याच्या पायांना कळत असे.

धावायला सोपी वाट अशी: अंजनगावातून सुर्जीत, तिथून शहानूरच्या काठाने पानमळ्यांच्या कडेकडेने जाणाऱ्या पांदणीने सहासात किलोमीटर जावे आणि परत फिरावे. जमीन सपाट, मुरूम टाकलेली, पायाला मऊ. अंजनगाव ज्या रेल्वेवर होते ती शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी, आता बंद आहे. कापूस वाहण्यासाठी इंग्रज काळात घातलेले ते रूळ गवतात बुडाले आहेत. त्यांच्या बाजूने जाणाऱ्या पायवाटा लोकांनी चालू ठेवल्या आहेत.

मळ्यात शिरण्याआधी मालकाला विचारा. पान नाजूक असते आणि वाट चुकलेल्या पायाने सरी फुटते. विचारलेत तर बहुतेक जण हातात दोन पाने ठेवतात.

तिसरी वाट: संत्र्याच्या बागांतून रिद्धपूरकडे

फेब्रुवारीत मोर्शीकडच्या रस्त्याने पहाटे धावलात तर उजाडायच्या आधीच संत्र्याच्या फुलांचा वास येतो. हा आंबिया बहार. थंडीत बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पाणी सोडले की झाड फुलावर येते. या बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. दुसरा मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याची फळे पुढच्या उन्हाळ्याआधी येतात. नागपुरी संत्रा या नावाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या संत्र्याचा फार मोठा वाटा अमरावती जिल्ह्यातल्या बागांचा आहे. वरुड तालुक्यातले शेंदूरजनाघाट तर कलमांसाठी प्रसिद्ध आहे.

या बागांच्या मुलुखात मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे स्थान, श्रीगोविंदप्रभूंचे गाव. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ मानला जाणारा लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो या परिसराशी जोडलेला आहे. म्हाइंभटांनी तो एका जागी बसून लिहिला नाही. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना भेटलेल्या माणसांकडे ते गावोगाव गेले, त्यांच्याकडून एकेक लीळा ऐकली, पडताळली आणि मग लिहिली. चक्रधरांनीही आयुष्याचा मोठा काळ पायी हिंडण्यात घालवला होता. आपल्या भाषेचे सुरुवातीचे गद्य अशा रीतीने पायी गोळा झालेले आहे. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी हे खेडे निवडले, ही गोष्ट मला योग्य वाटते.

बागांच्या या पट्ट्यात पाण्याची कथा उलटी आहे. इथे पाणी गोड आहे, पण ते उपसून उपसून खोल गेले. वरुड-मोर्शीकडे भूजलाची पातळी हा बागायतदारांचा कायमचा घोर आहे. धावताना एका बाजूला हिरवी बाग आणि दुसऱ्या बाजूला वाळलेल्या झाडांचा उभा सांगाडा दिसला, तर तिथे बोअर आटली असे समजा.

थोडक्यात आणखी चार वाटा

अमरावती ते वलगाव, सुमारे दहा किलोमीटर. गाडगेबाबांच्या समाधीपासून निघून पेढी नदीपर्यंत. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येत असताना याच पेढीच्या काठी वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. आयुष्यभर झाडू आणि मडक्याचे खापर घेऊन पायी हिंडलेल्या या माणसाचे ऋणमोचन हे पूर्णेकाठचे गाव आवडते. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. यात्रा संपल्यावर धावायला गेलात तर एक पिशवी सोबत न्या आणि काठावरचा कचरा उचला. त्याहून मोठे वंदन नाही.

दर्यापूर ते लासूर. इथले काळ्या दगडातले आनंदेश्वराचे मंदिर यादवकालीन आहे आणि पूर्णेच्या काठी उभे आहे. कपाशीच्या सपाट रानातून धावत येताना ते एकदम समोर येते.

बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. गावातून संगमापर्यंतची फेरी लहान आहे. नवशिक्याने इथून सुरुवात करावी.

अचलपूर. सापन आणि बिच्चन या नद्यांचे गाव आणि एके काळची इमादशाहीची राजधानी. गावाबाहेर तळ्याच्या मधोमध अष्टकोनी हौज कटोरा उभा आहे. पहाटे तिथपर्यंत जाऊन परत यावे.

धावण्याचे पंचांग

वऱ्हाडात केव्हा धावावे, हे कुठे धावावे याहून महत्त्वाचे आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. हवा कोरडी आणि थंड, जमीन घट्ट, पांदणी सुकलेल्या. हरभऱ्याच्या शेतातून दव पायाला लागते.

मार्चपासून उन्हाचा जोर वाढतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. उन्हाळ्यात धावणे सोडायचे नसेल तर शरीराला सवय लावावी लागते. दहा ते चौदा दिवस रोज थोडे थोडे, सकाळी लवकर, हळू गतीने धावले की शरीर बदलते. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. ही सवय आठदहा दिवस खंड पडला की उतरू लागते. सकाळी सातनंतर उन्हाळ्यात रस्त्यावर असू नये. चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणे किंवा घाम थांबणे यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबा, सावलीत जा, अंग ओले करा आणि मदत मागवा.

पावसाळ्यात काळी माती धावू देत नाही. या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात आणि बुटाला किलोभर चिखल चिकटतो. घोटा मुरगळतो. त्या काळात पक्की सडक धरा. जुलै ते ऑक्टोबर हा कपाशीच्या फवारणीचाही काळ. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. पाठीवर पंप घेतलेला माणूस शेतात दिसला की धावणाऱ्याने वाऱ्याची दिशा पाहावी आणि दुसरी वाट धरावी. धावताना श्वास खोल असतो, म्हणून हा धोकाही जास्त.

अंधारात धुरा ओलांडून आडवाटेने कधीही जाऊ नये. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणात वीज सोडतात. ते बेकायदा आहे, तरी होते आणि त्यात माणसेही दगावली आहेत. नरनाळा आणि मेळघाटाच्या जंगलात तर धावण्याचा विचारच नको. मेळघाट देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे. पळणारी आकृती पाहून हिंस्र जनावर पाठलाग करते. तिथे परवानगी घेऊन, वाटाड्यासोबत, हळू चालावे.

पांदण वाचवा

अमरावतीने शरीरसाधनेला एक मोठी संस्था दिली आहे. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी, मल्लखांब अशा भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. इतकी जुनी परंपरा असलेल्या भागात आज गावोगावच्या मुलांना धावायला जागा नाही. ती डांबरी सडकेवर, ट्रक आणि मोटारसायकलींच्या उजेडात सोळाशे मीटर मोजतात.

जागा खरे तर आहे. तिचे नाव पांदण. दोन शेतांच्या रांगांमधून जाणारी, बैलगाडीच्या चाकांनी पडलेली, दोन्ही बाजूंना निंब, बाभूळ आणि बोरी असलेली ही वाट. कागदावर ती सार्वजनिक असते, प्रत्यक्षात दर वर्षी नांगराचे एकेक तास आत येते आणि वाट अरुंद होत जाते. झाडे तुटतात, कुठे नाली होते, कुठे कुंपण येते. पांदण मोकळी झाली तर कापूस वेळेवर घरी येतो, पावसाळ्यात बैल फसत नाहीत, मुलांना शाळेचा रस्ता मिळतो. भरतीच्या पोरांना मऊ, सावलीची आणि सुरक्षित धावपट्टीही मिळते. यासाठी वेगळे मैदान, वेगळी जमीन, वेगळा निधी लागत नाही. मोजणी, मुरूम आणि गावाची संमती एवढे पुरते.

म्हणून या प्रकरणाच्या शेवटी वाचकाला एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावच्या एका पांदणीचे नाव विषयपत्रिकेवर लिहून घ्या. तिची मोजणी मागा आणि कडेची उरलेली झाडे मोजा. पूर्णेच्या खोऱ्यातली माणसे याच वाटांनी शेतात, बाजारात आणि देवाला जात आली आहेत. त्यांच्या नातवंडांना त्यावर पहाटे धावता आले पाहिजे.